ग्वार्डीचा पहिला दाखला

८ फेब्रुवारी २०११, मंगळवार

आज टपालात एक कार्ड आलं आणि मी ते तीनदा वाचलं.

कार्डं रोजच येतात. आमच्या शब्दकोशाचं काम त्यांच्यावरच चालतं. देशभर आमचे पन्नाससाठ वाचक आहेत, बहुतेक निवृत्त शिक्षक. वर्तमानपत्रात नवा शब्द दिसला की ते कात्रण कार्डाला चिकटवतात, शब्दाखाली रेघ मारतात आणि धाडून देतात. आजचं कार्ड मेन राज्यातल्या मिसेस ऑर्कट यांचं होतं. मचायसजवळच्या एका खानावळीची बातमी होती. तिथली आचारीण डार्लीन म्हणते, "बर्फ उपसणाऱ्या गाड्यांवरच्या लोकांना कितीही उशीर होऊ दे, त्यांची ग्वार्डी मी झाकून ठेवतेच." ग्वार्डीखाली दोन रेघा, आणि बाजूला मिसेस ऑर्कट यांचं बारीक अक्षर: "उशिरा येणाऱ्यासाठी मागे ठेवलेला वाटा. कुठून आला असेल हो हा शब्द?"

कुठून आला ते मला माहीत आहे. आमच्या घरातून.

बाबांची बोट लांबली की आमची वोवो, म्हणजे आजी, ताटलीवर ताटली पालथी घालायची आणि म्हणायची, "ग्वार्दु." ठेवते आहे. ती पोर्तुगालच्या साओ मिगेल बेटावरची, तिला इंग्रजी कधी आलंच नाही. माझा धाकटा भाऊ दुआर्त सहा वर्षांचा असताना त्याने त्या शब्दाला इंग्रजी शेपूट लावलं आणि ग्वार्डी केली. मग आम्ही दोघं प्रत्येक गोष्टीची ग्वार्डी करायला लागलो. पावाचा कडेचा तुकडा, खिडकीजवळची जागा, आंघोळीचं गरम पाणी. आईला तो शब्द मुळीच आवडायचा नाही. ती म्हणायची, "ना धड आपलं, ना धड त्यांचं!" तिसऱ्या कुणाच्या तोंडी मी तो आजवर ऐकला नव्हता, आणि पंचवीस वर्षं माझा धंदाच ऐकण्याचा आहे.

जानेवारी १९८९ मध्ये दुआर्त ज्या बोटीवर होता ती पाच माणसांसह गेली. दोघांचे देह मिळाले. त्याचा मिळाला नाही. तो तेवीसचा होता. त्या दिवसापासून मी हा शब्द तोंडातून काढलेला नाही, एकदासुद्धा नाही.

मग डार्लीनला तो कुणी दिला?


१३ फेब्रुवारी, रविवार

नेहमीप्रमाणे न्यू बेडफर्डला आईकडे जाऊन आले. तिने केलच्या पाल्याचं सूप केलं होतं. एकोणऐंशीव्या वर्षीही सुरी माझ्या हातात देत नाही. म्हणते, "तू कागद काप."

कार्डाचं बोलले नाही. बोलणार तरी कसं? गेल्याच महिन्यात ती कबूल झाली आहे. बाबांच्या थडग्यावरच्या दगडावर खाली मोकळी जागा आहे, तिथे दुआर्तचं नाव कोरायचं. बावीस वर्षं नाही म्हणत होती. फादरनी सांगून पाहिलं, मावशीने सांगून पाहिलं. मग यंदा नाताळ झाल्यावर एके दिवशी भांडी विसळता विसळता आपणच म्हणाली, "पोंतला सांग, बर्फ वितळलं की कोरून टाक म्हणावं." पोंत म्हणजे दगड कोरणारा. मी नुसती भांडी पुसत राहिले. त्या दिवशी घरी येताना मला किती हलकं वाटलं होतं ते इथे जानेवारीत लिहिलं आहे. आज ते पान उघडवत नाही.


१७ फेब्रुवारी, गुरुवार

बसमध्ये कॉलेजच्या दोन मुली होत्या. एकीने शेजारच्या जागेवर दप्तर ठेवलेलं. एक म्हातारा बसायला गेला तर ती म्हणाली, "सॉरी हं, ही ग्वार्डी आहे. पुढच्या थांब्यावर येतेय ती."

मी उठून तिच्यापाशी गेले आणि शब्द कुठे शिकलीस म्हणून विचारलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या जिवावरच उठले आहे. "काय माहीत? सगळेच म्हणतात."

सगळेच! आमच्या धंद्यात याहून निरुपयोगी उत्तर नाही. मी दोन थांबे आधीच उतरले आणि पायी गेले. रस्ताभर वाटत होतं, मागून कुणीतरी येतंय. वळून पाहिलं नाही. खरं सांगायचं तर वळून पाहायची भीती वाटली.


२२ फेब्रुवारी, मंगळवार

संपादकांची बैठक. हॉलिस आमचा प्रमुख. एकसष्ट वर्षांचा आहे, मफलर विसरतो, तारीख विसरत नाही. त्याच्याकडे ग्वार्डीची अकरा कार्डं जमली आहेत. मेन, न्यू हॅम्पशर, बॉस्टन, आणि आता आमचं प्रॉव्हिडन्स.

तो खुश होता. "टर्सी, हा तुझाच. पोर्तुगीजचा वास येतोय."

"येतो थोडासा," मी म्हटलं.

"घरी ऐकलास कधी?"

"नाही."

इतक्या सहज खोटं बोलले की माझं मलाच नवल वाटलं. कोशाचे नियम मला पाठ आहेत. शब्द आत घ्यायचा तर निरनिराळ्या गावांतले, एकमेकांशी संबंध नसलेल्या माणसांचे दाखले लागतात, तेही काही वर्षांचे. उगम सांगायचा तर पहिला दाखला, म्हणजे सर्वांत जुना वापर, लागतो. आणि संपादकाचा स्वतःचा शब्द असेल तर त्याने हात वर करून बाजूला व्हायचं. मी हात वर केला नाही. बाजूला झाले असते तर शोध दुसऱ्याकडे गेला असता, आणि मला शोध शब्दाचा घ्यायचाच नाही, तो पसरवणाऱ्याचा घ्यायचा आहे.

हॉलिस म्हणाला, तुम्हा पोर्तुगीजांच्या दहा घरांत दहा पोरांनी आपापलं शेपूट लावलं असेल. असेलही. पण मग बावीस वर्षं कुठे होती ती दहा पोरं?

दोघांचा शब्द. त्यातली एक गप्प आहे. उरला कोण, हे कुणालाही कळेल.


५ मार्च, शनिवार. मेन

गेल्या आठवड्यात डार्लीनला फोन केला होता. शब्द तिच्या पहिल्या नवऱ्याचा. तो लॉबस्टरवाल्या एल्डन पिंकहॅमच्या बोटीवर असायचा, आणि पिंकहॅमच्या बोटीवर सगळेच ग्वार्डी म्हणायचे. पिंकहॅम वारला. मुलगी आहे, लोइस. सहा तास गाडी चालवून आज तिच्याकडे पोचले.

जुनं घर खाली धक्क्यापाशी होतं, ते जळालं. लोइस टेकडीवरच्या नव्या घरात राहते. माझ्याच वयाची आहे, अघळपघळ. मी कोशाची म्हटल्यावर म्हणाली, "बाई गं, आमच्या बाबांच्या शिव्या घ्यायला आलात की काय?"

मी ग्वार्डीचं विचारलं.

"ते होय! ते बाबांचं लाडकं. एक पोर्तुगीज पोरगं आलं होतं, न्यू बेडफर्डकडचं. एक्क्याण्णव साल, नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी. मी नव्हते इथे, अलास्कात मासळीच्या कारखान्यात होते. आईने फोनवर सांगितलं. ओल्या कोटाने दारात उभं होतं म्हणे. आईने आधी जेवायला बसवलं, मग बाकीचं. जेवता जेवता हमसून रडायला लागलं. घरचं कुणीतरी समुद्रात गेलेलं."

एक्क्याण्णव! बोट गेल्यावर जवळजवळ तीन वर्षांनी.

"नाव?"

"नाही बाई आठवत. आई म्हणायची, बोलणं मात्र फार शिकल्यासवरल्यासारखं होतं. बाबांनी चेष्टा केली होती त्याची."

दुआर्त दहावीला दोनदा बसला होता. पण परक्यांपुढे तो कसा बोलेल काय सांगावं, नकला तर उत्तम करायचा. आणि घरचं कुणीतरी गेलं म्हणजे बोटीवरचे सोबती. चार माणसं बुडताना पाहिल्यावर कुठल्या तोंडाने परत यायचं, असं वाटलं असेल त्याला. मला सगळं दिसतंय. लाज वाटली असेल. मग एक वर्ष गेलं, मग दोन, मग परत येणं आणखीच अवघड झालं असेल.

वाईट याचं वाटतं की त्याच हिवाळ्यात मी याच किनाऱ्यावर होते. कोशासाठी टेप घेऊन गावोगाव हिंडत होते, चार महिन्यांत एकशे चार माणसं. त्या दिवसांतलं मला फार आठवत नाही. माणसांची नावं तर नाहीतच, कारण आम्ही त्यांना क्रमांक देतो आणि पुढे क्रमांकच लक्षात राहतात. एखाद्या दिवसाने आमची चुकामूक झाली असेल. एकाच धक्क्यावर उभे राहिलो असू आम्ही.


१३ मार्च, रविवार

सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण आईने सूप वाढता वाढता विचारलं, "चेहरा का असा? कुणी मेलंय का?" आणि मी म्हणाले, "उलट आहे, माई."

तिने गॅस बंद केला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कसा दिसत होता म्हणाली?"

"ती नव्हती तिथे."

"वाळला होता का?"

"माई, वीस वर्षं झाली त्याला."

"जेवला ना पण?"

"जेवला."

ती माझा हात धरून बसली. किती वर्षांनी धरला! मला आनंद झाला, हे लपवून काय करू. दुआर्त सापडेल म्हणून झाला की तिने हात धरला म्हणून, ते मला नीट सांगता येणार नाही.


२० मार्च, रविवार

आई कोट घालून खिडकीत बसली होती. घरात, चुलीपासून पाच पावलांवर.

चर्चला गेली नाही. तो आला आणि दाराला कुलूप असलं तर? पोंतला तिने स्वतः फोन केला, दगडाला हात लावशील तर याद राख म्हणून. पुतणीच्या मुलीच्या समारंभालाही नाही म्हणाली. मावशी खालच्या मजल्यावर राहते. तिने मला जिन्यात गाठलं.

"काय भरवलंस तिच्या डोक्यात? चार दिवस झाले, धड जेवत नाही. पहिली तीन वर्षं अशीच बसायची, विसरलीस?"

विसरले नाही. त्या तीन वर्षांत बाबा गेले ते याच खिडकीशेजारच्या खोलीत, आणि आई रस्त्याकडे बघत होती. घरात कुणी रडलेलं तिला चालायचं नाही. रडायचं ते मेलेल्यासाठी, म्हणायची. म्हणून आम्ही कुणीच रडलो नाही.

निघताना तिने विचारलं, "आणखी काही कळलं?" मी म्हणाले, शोधतेय. तिने मान डोलावली आणि पुन्हा रस्त्याकडे वळली. मी हिला पुन्हा तिथेच नेऊन बसवलं.


२९ मार्च, मंगळवार

तीन आठवड्यांत एकोणीस फोन केले. धक्के, बर्फाचे कारखाने, दोन तुरुंग, एक मठ. कुणालाच पोर्तुगीज पोरगं आठवत नाही. इतक्या माणसांत एकाही माणसाला नाही. असं कसं?

शब्द मात्र जिथे तिथे आहे. गाडी लावायच्या जागेवरचा पोऱ्या म्हणाला. काल टीव्हीवर हवामान सांगणारी बाई म्हणाली. पूर्वी वाटायचं दुआर्त हाक मारतोय. आता वाटतं, तो नुसता हसतोय, आणि मी वळले की तोंड मिटून घेतोय.

हॉलिस पहिला दाखला शोधायला जुन्या टेप काढून बसला आहे. आमच्या प्रश्नावलीत एकशे बारावा प्रश्न आहेच: उशिरा येणाऱ्यासाठी जेवण बाजूला काढलं तर त्याला तुमच्याकडे काय म्हणतात? "मेनच्या तुझ्या सगळ्या टेपवरचा एकशे बारा ऐकून टाकतो," म्हणाला. मी म्हटलं, कशाला त्रास घेतोस, माझ्या कागदांवर तो शब्द असता तर मला दिसला नसता का?


५ एप्रिल, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीआधी हॉलिस आला, माझ्या टेबलावर यंत्र ठेवलं, टेप घातली, कानाला लावायचं शेजारी ठेवलं. वर एक चिठ्ठी. "एकटीने ऐक. मी दीड तास येत नाही." दार ओढून घेऊन गेला.

मेन, क्रमांक एकतीस. १९ नोव्हेंबर १९९१. कागदावर माझं अक्षर, आणि एकशे बाराव्या प्रश्नापुढे मीच लिहिलेलं: उत्तर नाही.

टेपवर आधी किटली ऐकू येते. मग माझा आवाज प्रश्न विचारतो, किती कोवळा! म्हातारा म्हणतो, "त्याला काय म्हणायचं? जेवण म्हणायचं. तुमच्याकडे काय म्हणतात?"

आमचा पहिला नियम हा, की शब्द आपण उच्चारायचा नाही. आडून विचारायचं आणि थांबायचं. समोरचा काही बोलला नाही तर बोलला नाही. तोंडून गेलाच तर कागदावर लाल फुली मारायची, म्हणजे तो दाखला धरला जात नाही. कालच आलेल्या उमेदवारालाही हे कळतं.

टेपवर बराच वेळ कुणी बोलत नाही. मग माझा आवाज म्हणतो, "आमच्याकडे ग्वार्डी म्हणतात. म्हणजे मी आणि माझा भाऊ." आणि पुढे सगळं सांगतो. वोवो, ताटली, बोट. सांगता सांगता फुटतो. खुर्ची सरकते, बाई काहीतरी पुटपुटते, थोपटल्याचा आवाज येतो. मग ती विचारते, "परत येईल असं वाटतं का गं तुला?"

"नाही येणार. मला ठाऊक आहे. आईला सांगू शकत नाही, पण नाही येणार तो."

नंतर म्हातारा हलकेच म्हणतो, "चांगला शब्द आहे, पोरी. आम्ही वापरला तर चालेल?"

"वापरा."

आणि मग, देवा रे, नाक ओढत ओढत मी त्याला एकशे तेरावा प्रश्न विचारते.

यातलं मला काहीही आठवत नाही. तो कोट, ती बाई, ते घर, काही नाही. लोइसचं पोर्तुगीज पोरगं मी होते. बसमधल्या त्या मुलीच्या तोंडी मीच होते, टीव्हीवरच्या बाईच्याही. दोन महिने मी स्वतःचाच माग काढत होते.

माझा भाऊ आज मेला. बावीस वर्षांपूर्वी मेला असेल, पण माझ्यासाठी आज, दुपारी साडेबारा ते पावणेदोनच्या मध्ये. मी टेबलावर डोकं ठेवून रडले, आणि हॉलिस खरोखरच दीड तास आला नाही.


६ एप्रिल, बुधवार

हॉलिसला सगळं सांगितलं. बैठकीत खोटं बोलले तेही. तो मफलर शोधत होता, तो त्याच्या गळ्यातच होता.

"शब्द आत येणार," तो म्हणाला. "आता तो थांबवणारे आपण कोण? पण उगम तुझ्या हातचा नाही. तो मी लिहीन."

"काय लिहिशील?"

"जे टेपवर आहे ते. संग्राहकाने स्वतः सांगितलेला, न्यू बेडफर्डच्या एका घरातला." मग म्हणाला, "आणि तुझ्या एकशे चार टेप कुणाला तरी पुन्हा ऐकाव्या लागतील, टर्सी. आणखी कुठे काय सांगून ठेवलंयस कोण जाणे."

त्या टेप तपासाव्यात असं पत्र मीच लिहून दिलं. पंचवीस वर्षांचं नाव गेलं. एरवी जीव गेला असता. आज मनात एकच होतं, रविवारी आईला काय सांगू?


१० एप्रिल, रविवार

यंत्र घेऊन गेले. आई खिडकीत होती. मी म्हणाले, "माई, तो नव्हता तिथे. मी होते." तिला कळलं नाही. मग सांगत बसण्यापेक्षा टेप लावली.

तिचं इंग्रजी बाजारापुरतं, पण ती सगळं ऐकत होती. "आईला सांगू शकत नाही" आलं तेव्हा तिने डोळे मिटले. टेप संपली. मला वाटलं, आता मला घराबाहेर काढेल. काढायलाच हवं होतं.

"तुला तेव्हाच माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू ऐकलं नसतंस, माई."

"नसतंच ऐकलं." तिने नाक पुसलं. "पोंतला फोन कर उद्या. तू कर. मी शिव्या दिल्यात त्याला."

मी बरं म्हणाले. ती यंत्राकडे बघत होती.

"थंडी होती?"

"नोव्हेंबर होता. असणार."

"आणि त्या बाईने तुला जेवायला घातलं."

"घातलं म्हणे."

"काय घातलं?"

"आठवत नाही गं मला."

"काय म्हणजे, माझी पोर परक्याच्या घरी बसून रडते आणि कुणी काय खाऊ घातलं ते मला माहीत नाही!" एवढं बोलून ती रडायला लागली. मोठ्याने, खालच्या मजल्यावर मावशीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मी तिला असं रडताना जन्मात पाहिलं नव्हतं. मीही रडले. कुणी कुणाला थांबवलं नाही.

मग तिने खुर्ची यंत्राजवळ ओढली.

"परत लाव," म्हणाली. "पहिल्यापासून. ती बाई काहीतरी पुटपुटते ना, तिथे आवाज मोठा कर."